दोन रात्रींचा पाहुणा: कोपनहेगन ते फ्लेन्सबुर्ग

'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.' ही म्हण डेन्मार्कमध्ये कुणी ऐकलेली असण्याचं कारण नाही. पण १९४९ मध्ये तिथे सुरू झालेल्या 'सर्वास' या शांतता आणि आदरातिथ्याच्या जाळ्याचा मुख्य नियम नेमका हाच आहे. यजमानाच्या घरी दोन रात्री, पैशांची देवघेव नाही, आणि तिसरी रात्र राहायचं ते यजमान आपणहून म्हणाला तरच.

सुरुवात केली बॉब लुइटवायलर या युद्धाला नकार दिलेल्या अमेरिकन तरुणाने आणि त्याच्या आस्कोव या डेनिश गावातल्या लोकविद्यालयातल्या (मोठ्यांसाठीच्या, राहून शिकायच्या शाळेतल्या) मित्रांनी. तेव्हा नाव होतं 'पीसबिल्डर्स'. सर्वास हे नाव नंतर एस्पेरांतो भाषेतून आलं. एस्पेरांतोत क्रियापदाला पुरुष-वचन नसतं. 'सर्वास' म्हणजे सेवा करतो, करते, करतात, काहीही. मराठीत लिहिलं की ते आपोआप 'सर्वांस' असं वाचलं जातं, हा निव्वळ योगायोग.

आज शंभराहून अधिक देशांत यजमान आहेत आणि जाळ्याचं पुढे काय करायचं यावर प्रत्येक देशगटात वाद चालू आहेत: ॲप हवं का, शुल्क किती, तरुण कुठून आणायचे. हे वाद बैठकीत ऐकून फारसे कळत नाहीत, प्रवासात कळतात. म्हणून ही आठ दिवसांची वाट, जाळं जन्मलं तिथून जुन्या सीमेपर्यंत. जूनचा पहिला-दुसरा आठवडा उत्तम. रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी बरोबर घ्यावी.

निघण्याआधी

आधी मुलाखत. आपल्या देशगटाचा मुलाखतकार तासभर बोलतो. फुकट लॉज शोधणारा कोण आणि माणसं शोधणारा कोण, एवढंच त्याला पाहायचं असतं. 'तुमच्या घरी परदेशी पाहुणा आला तर त्याला काय दाखवाल?' या प्रश्नाला 'ताजमहाल' असं उत्तर आलं की तो जरा सावध होतो. मुलाखत जमली की परिचयपत्र मिळतं. पूर्वी त्यावर दरवर्षीचं तिकीट चिकटवायचे, आता ते ऑनलाइन असतं. मुदत एक वर्ष. प्रवासाच्या मधेच मुदत संपणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, म्हणून परतीची तारीख पाहूनच पत्र घ्यावं.

मग यजमानांना लिहायचं. एका गावासाठी तीन घरं निवडावीत आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिहावं. एकच मजकूर पाच जणांना पाठवला की तो ओळखू येतो आणि उत्तर येत नाही. पत्रात हवं ते एवढं: नेमक्या तारखा, किती माणसं, कुठल्या गाडीने किती वाजता, काय खात नाही, आणि याच घराला का लिहिलं. शेवटचा मुद्दा यजमानाच्या माहितीतूनच काढावा: तो मधमाश्या पाळत असेल तर मधमाश्यांबद्दल. पाच दिवसांत उत्तर नाही तर पुढचं घर. एकाने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी 'जमलं, आभार' कळवायचं. हे न कळवणाऱ्यांमुळे यजमान गळतात.

भारतीय पासपोर्टवाल्याची खरी अडचण इथेच येते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शुल्क ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्जासोबत कुठल्या रात्री कुठे राहणार हे दाखवावं लागतं. बरेच यजमान मात्र 'आठवडाभर आधी लिहा' म्हणतात, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण शेजारच्या देशातून गाडीत बसून येतात. म्हणजे व्हिसासाठी होकार दोन महिने आधी हवा आणि यजमानाला तो आठवडाभर आधी द्यायचा आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत 'मला व्हिसा लागतो, म्हणून इतक्या लवकर लिहितोय' असं सांगितलं तर निम्मं काम होतं. यजमानाने सही करून आमंत्रण द्यावं अशी अपेक्षा मात्र धरू नये. अनोळखी माणसाच्या सरकारी कागदावर सही करायला तो बांधील नाही. काही रात्री हॉस्टेलच्या ठेवाव्यात, खऱ्या, राहायच्या. जाळ्याच्या भविष्याची चर्चा करणाऱ्यांनी यजमानाच्या माहितीत 'व्हिसावाल्यांना लवकर कळवेन' असा एक रकाना जरी घातला तरी आशिया-आफ्रिकेतल्या प्रवाशांना कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोग होईल. नियम ज्यांनी घडवले त्यांच्या पासपोर्टला व्हिसा लागत नव्हता, हे त्या नियमांत दिसतं.

भेटवस्तू हलकी. पेढे, बर्फी, तूप नेऊ नये; युरोपीय संघात प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. कढीपत्ता आणि हापूसही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गुळाची चिक्की, गोडा मसाला, बेसन बिनधास्त न्यावं.

पहिला दिवस: कोपनहेगन

पहिली रात्र हॉस्टेलवर. विमान उशिरा येतं, सामान मागे राहतं, डोळे मिटत असतात. अशा अवस्थेत कुणाच्या दारात उभं राहू नये. विमानतळावरून मेट्रोने शहराच्या मध्यात यायला साधारण पंधरा मिनिटं. रोख पैशांची गरज जवळजवळ पडत नाही.

दुसरा दिवस: हेल्सिंगोर, आणि पहिलं घर

सकाळी किनाऱ्याच्या रेल्वेने उत्तरेला हेल्सिंगोर, पाऊण तास. क्रोनबोर्ग किल्ला सगळे पाहतातच. त्याहून इथे कामाचं म्हणजे पीटर मानिके यांनी १९२१ मध्ये काढलेलं आंतरराष्ट्रीय लोकविद्यालय. पहिल्या महायुद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या देशांची मुलं एका छपराखाली राहिली तर काय होईल, असा हा प्रयोग. परीक्षा नाहीत, एकत्र राहणं हाच अभ्यास. सर्वास याच मातीत उगवलं. फरक एवढाच की लुइटवायलर आणि मंडळींनी वसतिगृह बांधलं नाही, लोकांची आधीच असलेली घरं वापरली.

दुपारनंतर परत, आणि सांगितलेल्या वेळी यजमानाच्या दारात. दहा मिनिटं आधी पोचलात तर खाली थांबा. बूट दारातच काढायचे. जेवण संध्याकाळी सहा-साडेसहाला असतं. 'आठ-नऊला येतो' म्हणणाऱ्याला गार जेवण मिळतं आणि यजमानाची झोप मोडते.

तिसरा दिवस: एक स्वयंपाकघर

हा दिवस शहरात हिंडण्याऐवजी यजमानाच्या टेबलाशी घालवावा. दुपारी स्मोरब्रॉड असतो. राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचा, दाणे दिसणारा, विटेसारखा जड पाव; त्याची बोटभरापेक्षा पातळ चकती. तिच्यावर लोणी अगदी कडेपर्यंत लावतात, आणि ते चवीपुरतं नसतं. वर येणाऱ्या भाजीचा ओलावा पावात मुरू नये म्हणून तो थर असतो. कड सुटली तर चकती मऊ पडते आणि उचलताना तुटते. शाकाहाऱ्यासाठी उत्तम म्हणजे बटाट्याचा: उकडून पूर्ण गार केलेल्या बटाट्याच्या चकत्या एकीवर एक सरकवून, वर जाडं मीठ आणि कातरलेली कांद्याची कोवळी पात. बटाटा कोमट असला की लोणी वितळतं आणि सगळा खटाटोप फुकट जातो. खातात काटा-सुरीने. उठताना 'टाक फॉर मॅड' म्हणजे जेवणाबद्दल आभार. ते म्हटल्याशिवाय उठणं उद्धट समजतात.

रात्रीचं जेवण पाहुण्याने करावं, अशी अपेक्षा नसते पण आनंद होतो. चौघांना पिठलं-भात: वाटीभर बेसन, चार वाट्या पाणी, दोन कांदे, लसूण, हिरवी मिरची अर्धीच. इथल्या इंडक्शन शेगडीवर सपाट बुडाचंच भांडं चालतं आणि तेल क्षणात तापतं. आपल्या सवयीने मोहरी टाकून कांद्याकडे वळलात की मोहरी करपते, धूर होतो आणि छतावरचा भोंगा वाजतो. आच निम्म्यावर ठेवा, खिडकी आधी उघडा.

अशा टेबलाशी बसलं की शहरी जाळ्याचं दुखणं समजतं. कोपनहेगनसारख्या शहरातल्या यजमानांना विनंत्या पुष्कळ येतात, तरुणांची घरं लहान असतात आणि जागा नाही म्हणून ते नावच नोंदवत नाहीत. त्यांच्यासाठी 'दिवसाचा यजमान' हा प्रकार आहे: झोपायला जागा द्यायची नाही, दोन-तीन तास फिरायचं, चहा-कॉफी, गप्पा. तो आजवर दुय्यम मानला गेला. खरं तर नवी माणसं आत येण्याचं दार तेच आहे. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चौथा दिवस: समुद्राखालून आस्कोवकडे

निघताना यजमान 'टाक फॉर सिस्ट' हा शब्दप्रयोग शिकवून ठेवतो: 'गेल्या वेळेबद्दल आभार'. पुढच्या भेटीत किंवा पत्रात पहिलं वाक्य हेच. आपण निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तसाच पुढच्या भेटीचा हिशेब उघडा ठेवायचा हा प्रकार.

गाडी पश्चिमेला. झीलंड आणि फ्यून बेटांमधली १८ किलोमीटरची स्टोरबेल्ट खाडी रेल्वे आधी बोगद्यातून आणि मग पुलावरून ओलांडते. १९९७ पर्यंत आगगाडीचे डबेच बोटीत चढवायचे. वायेन स्टेशनपर्यंत सुमारे पावणेतीन तास. तिथून आस्कोव दोन किलोमीटर. यजमान वायेन किंवा कोल्डिंगच्या परिसरात शोधावा. लहान गावांतले यजमान वर्षाकाठी एखाद्या पत्राची वाट पाहत असतात. राजधानीत नकार खाऊन हिरमुसणाऱ्यांनी आधी इथे लिहायला हवं होतं.

पाचवा दिवस: आस्कोव

विद्यालय १८६५ चं, आणि ते इथे आहे त्याला कारण पराभव. १८६४ च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात डेन्मार्कने दक्षिणेकडचा श्लेस्विग प्रांत गमावला. देशातलं पहिलं लोकविद्यालय १८४४ पासून रोडिंगला होतं, ते गाव प्रशियाकडे गेलं. शिक्षक नव्या सीमेच्या जरा उत्तरेला सरकले आणि आस्कोवला त्यांनी पुन्हा शाळा मांडली. डेनिश विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारावर चालणाऱ्या या शाळांत शेतकऱ्यांची मोठी मुलं हिवाळ्यात राहायला येत. पदवी नाही, गाणी मात्र भरपूर. सामुदायिक गाण्यांचं त्यांचं पुस्तक १८९४ पासून निघतंय. आजही दिवसाची सुरुवात त्यातल्या गाण्याने होते. पाहुण्याने गप्प बसू नये, सूर चुकला तरी म्हणावं.

शाळेजवळच पॉल ला कूर संग्रहालय. ला कूर इथले शिक्षक. १८९१ मध्ये त्यांनी पवनचक्कीतून वीज काढायला सुरुवात केली. वारा लहरी, वीज साठवायची कशी? त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन टाकीत साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे पेटवले. हायड्रोजनमध्ये थोडासा जरी ऑक्सिजन राहिला तरी स्फोट व्हायचा आणि खिडक्यांच्या काचा नव्याने बसवाव्या लागायच्या. उघडण्याच्या वेळा मर्यादित असतात, आधी विचारून जावं.

दुपारी यजमानाची सायकल मागून घ्या आणि दक्षिणेला स्कीबेलुंड क्रॅटच्या राईत जा. सीमेपलीकडे अडकलेले डेनिश लोक इथे सभांना जमत. राईभर स्मृतिशिळा आहेत. ५ जूनला, संविधानदिनी, इथे अजून सभा होते. त्या दिवशी दुकानं बंद असतात, दूध-पाव आदल्या दिवशी आणून ठेवावा. राईपुढे काँगेओ नदी. नाव 'राजनदी', पात्र मात्र आपल्या ओढ्याएवढं. १८६४ ते १९२० हीच सीमा होती.

या गावात बसून 'जाळ्याचं भविष्य' हा शब्द जड वाटत नाही. १९४९ मध्ये इथल्यांनी जे ठरवलं त्यात यंत्रणा फार थोडी होती: घरांची यादी, एक ओळखपत्र, आणि मधे एक माणूस जो म्हणेल, 'याला मी भेटलोय.' तेव्हापासून यादी छापील पुस्तिकेतून ऑनलाइन गेली, आणि ते बरं झालं. मे २०१८ पासून युरोपात खासगी माहितीचा कडक कायदा आहे, कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेली पत्त्यांची पुस्तिका आता जोखमीची. ओळखपत्रही ऑनलाइन गेलं, तेही बरं झालं. पण मधला माणूस काढला तर उरतं ते दुसरंच काही. काउचसर्फिंग या फुकट मुक्काम जुळवणाऱ्या संकेतस्थळाने मुलाखतीऐवजी सदस्यांनी एकमेकांबद्दल जाहीरपणे लिहायची पद्धत आणली आणि ते अफाट वाढलं. २०११ मध्ये ते नफ्यासाठी चालणारी कंपनी झालं, मे २०२० मध्ये शुल्काची भिंत उभी राहिली, आणि वर्षानुवर्षं फुकट यजमानपण करणाऱ्यांना स्वतःचीच माहिती पाहायला पैसे भरायची वेळ आली. जाहीर शेऱ्यांचा आणखी एक तोटा असा की वाईट अनुभव कुणी लिहीत नाही, कारण समोरचाही लिहील ही भीती. सर्वासमध्ये तक्रार देशगटाकडे जाते, चव्हाट्यावर येत नाही. वेळ लागतो, पण खरं बोललं जातं.

म्हणून पैसा आणि कष्ट मुलाखतकारांवर खर्च व्हायला हवेत. एका जिल्ह्यात एकच मुलाखतकार असेल आणि तो सत्तरीचा असेल तर तो थांबला त्या दिवशी तो जिल्हा बंद. मग अर्ज महिनाभर पडून राहतो आणि अर्जदार दुसरीकडे जातो. उपाय साधा आहे: प्रत्येक मुलाखतीला दुसरा एक, शक्यतो तिशीच्या आतला, नुसता बसायला न्यायचा. पाच मुलाखती ऐकल्या की सहावी तो स्वतः घेतो. व्हिडिओवरची मुलाखत चालते, पण घरी जाऊन घेतली की यजमानाचं घरही पाहून होतं: जिने किती, पाहुण्याची खोली वेगळी की हॉलमधला सोफा, कुत्रा आहे का.

सहावा दिवस: ड्युबोल

वायेनहून कोल्डिंगला परत आणि तिथून सोनरबोर्गची गाडी. शहराच्या पश्चिमेला ड्युबोलची टेकडी, तिच्यावर पांढरी पवनचक्की. १८ एप्रिल १८६४ ला प्रशियाच्या फौजेने इथले डेनिश मोर्चे जिंकून घेतले. खंदकांचे उंचवटे गवताखाली अजून दिसतात. सकाळी लवकर जावं. वारा फार असतो, जूनमध्येही कानटोपी लागते.

सातवा दिवस: काही न पाहण्याचा

कपडे धुवा, यजमानाच्या बागेत तण उपटा, आणि संघटनेबद्दल विचारा. सर्वासची सर्वसाधारण सभा दर तीन वर्षांनी भरते (२०१८ ची सोलला होती) आणि देशगटांचे प्रतिनिधी मतदान करतात. मधल्या काळात दूरमतदानाने ठराव होतात. सभेचा प्रवासखर्च गरीब गटांना परवडत नाही, म्हणून 'सगळं ऑनलाइन करा' ही मागणी रास्त आहे. पण ऑनलाइन सभेत ठराव पास होतात आणि माणसं जोडली जात नाहीत, हेही खरं. मधला मार्ग म्हणजे मतदान ऑनलाइन आणि भेटी प्रादेशिक, जिथे प्रतिनिधी हॉटेलात न राहता यजमानांकडे राहतील.

दुसरं एक नीरस काम आहे, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक परिषदेत सर्वासला १९७३ पासून सल्लागार दर्जा आहे. असा दर्जा असलेल्या संस्थांना दर चार वर्षांनी कामाचा अहवाल द्यावा लागतो. चुकला तर दर्जा आधी स्थगित होतो, मग जातो. अहवालात 'शांततेसाठी काय केलं' याला उदाहरणं लागतात, आणि ती प्रवाशांच्या नोंदींतूनच मिळतात. नोंदी आल्या नाहीत की अहवाल गुळमुळीत होतो.

आठवा दिवस: फ्लेन्सबुर्ग

बसने सीमेपलीकडे. २०१६ पासून सीमेवर पुन्हा तपासणी आहे, पासपोर्ट हाताशी ठेवावा. सार्वमत म्हटलं की गोवेकरांना १६ जानेवारी १९६७ आठवेल. इथे ते, श्लेस्विग डेन्मार्कचा की जर्मनीचा यावर, १९२० मध्ये दोन टप्प्यांत झालं. उत्तरेच्या पट्ट्याने सुमारे ७५ टक्क्यांनी डेन्मार्क निवडलं, दक्षिणेच्या पट्ट्याने ८० टक्क्यांनी जर्मनी. दोन्हीकडे अल्पसंख्य उरलेच. २९ मार्च १९५५ च्या बॉन आणि कोपनहेगनच्या घोषणांनी त्यांचा प्रश्न एका वाक्यात सोडवला: जो स्वतःला डेनिश (किंवा जर्मन) म्हणवतो तो डेनिश, सरकारने ते तपासायचं नाही. फ्लेन्सबुर्गमध्ये आज डेनिश शाळा आहेत, ग्रंथालय आहे. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाने या ग्रंथालयात तासभर तरी बसावं.

फ्लेन्सबुर्गहून हॅम्बुर्ग दोन तास. त्या दोन तासांत आपल्या प्रवासाचा अहवाल लिहून टाकायचा, घरी गेल्यावर तो लिहून होत नाही. कुठल्या घरी कुठल्या रात्री, काय बोलणं झालं ते चार ओळींत, आणि यजमानाच्या नोंदीत काय बदललंय: फोन नंबर, वरच्या मजल्यावर आता लिफ्ट नाही, गुडघे दुखतात म्हणून एका वेळी एकच पाहुणा, मुलगी परत राहायला आली म्हणून ऑगस्टपर्यंत खोली नाही. पुढच्या माणसाचं पत्र वाया जातं ते बहुतेक अशाच एखाद्या जुन्या ओळीमुळे. मग प्रत्येक यजमानाला एक पोस्टकार्ड. पहिलं वाक्य ठरलेलंच आहे: टाक फॉर सिस्ट.